नवं इंजिन, जुने मीटर

लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा माझ्या नवऱ्याने दुसरी बायको केली. कायद्याने तशी बंदी होती, पण जुन्नरकडच्या त्या आडगावात कायदा विचारतो कोण. घरात मला कुणी मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही. फक्त माझ्याशी बोलायचं सगळ्यांनी बंद केलं. ही गोष्ट कुणीतरी चाकणला माझ्या वडिलांच्या कानावर घातली. आठवड्याने दुपारच्या वेळी दारात मोटार येऊन थांबली. त्या गावात मोटार म्हणजे नवलच, त्यामुळे सगळी आळी गोळा झाली. बाबा खाली उतरले. ते कुणाशी भांडले नाहीत, कुणाला काही विचारलं नाही. अंगणात उभं राहून मला एवढंच म्हणाले, "तुझी लुगडी आन् पुस्तकं घे. घरी जायचंय."

मोटार अर्थात आमची नव्हती. बाबा चाकणच्या एका कांद्याच्या आडतदाराकडे ड्रायव्हर होते. गावात त्यांना सगळे 'डायव्हर' म्हणत. तरुणपणी खडकीला लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची दहा वर्षं गेलेली, म्हणून गाडी चालवणं आणि गाडी खोलणं ही दोन्ही कामं तेच करत. मालकांनी ती विलायती गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी घेतली होती आणि तेव्हापासून बाबांखेरीज तिच्या चाकाला कुणाचा हात लागला नव्हता. आई मी लहान असतानाच गेली. घरी आम्ही दोघंच. मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास होते, त्यावर दोन मैलांवरच्या वाडीत शाळामास्तरणीची नोकरी मिळाली. त्या नोकरीनंतर लोकांनी मला टाकलेली म्हणायचं सोडलं आणि बाई म्हणायला लागले. हे सगळं बाबांमुळे झालं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर नारायणगावाहून परत येताना खेडच्या घाटात गाडीचं इंजिन जाम झालं. मालक आत बसलेले होते. तेल संपून इंजिन कोरडं पडलं आणि आतलं सगळं एकमेकांना चिकटून बसलं. कांद्याच्या एका ट्रकला दोर बांधून गाडी चाकणला ओढत आणली. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मालक मात्र रागावले नाहीत. वीस वर्षांचं इंजिन, कधीतरी जायचंच, असं तेच बाबांना समजावत होते.

मालकांच्या पुतण्याने खटपट करून खडकीच्या लिलावातून एका नव्या गाडीचं इंजिन आणलं. ती गाडी अपघातात चेचली होती, पण इंजिन धड होतं. त्याच्याबरोबर त्या गाडीचे मीटरही आले होते, एका चकचकीत पट्टीत सगळे ओळीने बसवलेले. पुतण्याला ती पट्टी फार आवडली होती. इंजिन नवं घालायचं तर समोरची पाटीही नवी करू, असं त्याचं म्हणणं. बाबांनी ऐकलं नाही. मालकांसमोर ते इतक्या ठामपणे बोललेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"इंजिन नवं घालू मालक, पर मीटर हेच ऱ्हातील. हे काढायचं असलं तर दुसरा डायव्हर बघा."

मालक हसले. म्हाताऱ्याचा जीव गुंतलाय, असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं. ते म्हणाले, डायव्हर, तुमची गाडी, तुमचे मीटर, तुम्ही बघा.

शाळेला सुट्टी होती. बाबा म्हणाले, हाताखाली मला कुणी नको, तूच ये. म्हणून मी रोज सकाळी त्यांच्याबरोबर मालकांच्या वखारीत जायला लागले. एका बाजूला कांद्याचे ढीग, दुसऱ्या बाजूला बोनेट काढून ठेवलेली गाडी. इंजिन उतरवायला आणि चढवायला चार हमाल आले, एका दिवसात ते काम झालं. खरा वेळ गेला तो मीटरांत.

जुन्या गाडीला तीन महत्त्वाचे मीटर होते, वाटीएवढे गोल, काळ्या तबकडीचे, जाड पांढऱ्या काट्यांचे. एक तेलाचा दाब दाखवणारा, एक पाण्याची उष्णता, एक बॅटरीत वीज भरतेय की बाहेर जातेय ते सांगणारा. वेग दाखवणाराही होता, पण त्याची तार इंजिनाबरोबर आलेल्या नव्या गिअरबॉक्सला बसेना तेव्हा बाबांनी तो नाद सोडला. वेग कानाला कळतो, म्हणाले.

तेलाच्या मीटरची तांब्याची नळी इंजिनात जिथे शिरते तिथले आटे जुळेनात. नळीचे आटे विलायती, इंजिनाचे अमेरिकन. मधे पितळेचा जोड हवा होता, एका बाजूने असा, दुसऱ्या बाजूने तसा. त्यासाठी आम्ही दोघं एसटीने पिंपरीला गेलो. तेव्हा पिंपरीला निर्वासितांची छावणी होती आणि तिच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये सिंधमधून आलेला एक कारागीर लेथ चालवायचा. त्याने मीटर तळहातावर घेऊन उलटासुलटा केला आणि हिंदीत विचारलं, चाचा, नवा मीटर असताना हा कशाला. बाबा म्हणाले, "इसकी आदत हाय."

त्यावर त्याने पुन्हा काही विचारलं नाही. तासाभरात जोड कातून दिला. बाबांनी तो स्वतः न पाहता माझ्या हातात दिला. तू बघ आटे साफ आलेत का, म्हणाले. मला त्याचा केवढा अभिमान वाटला. बाबा मला कामातलं समजतात, असं वाटून परतीच्या एसटीत मी खूश होते.

पाण्याचा मीटर सगळ्यांत अवघड. त्याला केसासारखी बारीक नळी असते आणि तिच्या टोकाला बोटाएवढी पितळी कांडी. कांडीत ईथर भरलेलं. इंजिनाचं पाणी तापलं की ईथर फुगतं आणि तो दाब नळीतून काट्यापर्यंत जातो. आमच्या मीटरची नळी नव्या इंजिनाला हातभर आखूड पडत होती आणि ती वाढवता येत नाही, कारण कापली की ईथर उडून जातं आणि मीटर मेला. नव्या पट्टीतल्या मीटरची नळी लांब होती. तेव्हा बाबांनी ठरवलं की नव्या मीटरची कांडी आणि नळी कापून घ्यायची आणि ती जुन्या तबकडीला जोडायची. म्हणजे चांगला चालता मीटर मारायचा आणि जुन्याचं तोंड जगवायचं. पुतण्या हे ऐकून निघूनच गेला.

हे करायला बर्फ लागतो. कांडी बर्फात आणि मिठात बुडवून ठेवली की ईथर थंड होऊन गप्प बसतं, तेवढ्या वेळात नळी कापून कथलाचा डाख द्यायचा. बर्फाची लादी पुण्याहून एसटीच्या टपावरून आली, लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. बादलीत बर्फ फोडला, कांडी खोल रोवली. डाख देण्याची लोखंडी कैया निखाऱ्यावर तापत होती. बाबांनी नळी कापली, तिच्यावर सुईच्या जाडीची तांब्याची बाही चढवली, आणि मग माझ्याकडे कैया दिली.

"डाख तू दे."

मी घाबरले. मी आयुष्यात कधी डाख दिला नव्हता. बाबा म्हणाले, मी नळी धरतो, तू फक्त जोडावर टेकव, कथील आपोआप धावंल. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मी टेकवलं. कथील चमकलं आणि जोडाभोवती बसलं. नंतर कांडी गरम पाण्यात घातली तेव्हा जुन्या तबकडीवरचा तो पांढरा काटा हळूहळू उठला. बाबांनी तबकडी तोंडासमोर न धरता जराशी बाजूला, कानाच्या रेषेत धरली होती. ते मी पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही.

अर्थ चार दिवसांनी कळला. सगळं जोडून झालं आणि बाबांनी इंजिन चालू केलं. नव्या इंजिनाचा आवाज मऊ होता. मी शेजारच्या सीटवर होते. बाबांनी एकेका मीटरकडे बोट केलं.

"तेल बरूबर. पानी बरूबर. बॅटरी भरतीया."

बॅटरी भरत नव्हती. काटा मधल्या शून्यापासून डावीकडे कलला होता, म्हणजे उलटा. नव्या इंजिनाची विजेची जोडणी उलट बाजूची असल्यामुळे तसं झालं होतं, दोन तारांची अदलाबदल केली की सुधारणार होतं. चूक मोठी नव्हती. पण बाबा थेट त्या तबकडीकडे बघत होते आणि त्यांना ते दिसत नव्हतं.

मी म्हणाले, "बाबा, काटा कुठल्या बाजूला आहे?"

त्यांनी इंजिन बंद केलं. वखारीत कांदा निवडणाऱ्या बाया जेवायला गेल्या होत्या, आजूबाजूला कुणी नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते असं. दोन वर्षांपासून त्यांना जे बघावं त्याच्या मधोमध काही दिसत नव्हतं, पाटीवरची अक्षरं बोटाने पुसावीत तसं. कडेचं दिसायचं. माणूस समोर असला तर धड दिसायचं, चेहरा नाही. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात ते एकदा गुपचूप जाऊन आले होते. डॉक्टरांनी सांगितलं, हा मोतीबिंदू नाही, डोळ्याच्या मागचा पडदा खराब झालाय, त्याला औषध नाही. रस्ता वीस वर्षांचा पाठ होता, म्हणून चालत होतं. जुने मीटर मोठे, काटे जाड, प्रत्येकाची जागा पाठ. नजर जराशी बाजूला वळवली की काटा उभा आहे की झोपलाय ते कडेने कळायचं. नव्या पट्टीतले काटे बारीक आणि आडवे, ते त्यांना मुळीच दिसले नसते.

"आन् घाटात?" मी विचारलं.

"घाटात उन्ह काचंवर हुतं. तेलाचा काटा पडल्याला मला दिसला न्हाई."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, हे आपल्या दोघांत ऱ्हाऊ दे. मी हो म्हटलं. त्या माणसाला मी नाही कसं म्हणणार होते?

त्यानंतरचे सहा महिने आम्ही दोघांनी मिळून ती गाडी चालवली असं म्हटलं तरी चालेल. सुट्टीच्या दिवशी मालक पुण्याला निघाले की मी काही ना काही निमित्त काढून पुढे बसायचे. मला पुस्तकं आणायची आहेत, कापड घ्यायचं आहे. मालक मागे पेपर वाचत असायचे. मी बाबांशी सहज बोलल्यासारखं बोलायचे. "त्या बैलगाडीत कांदा किती भरलाय बघा," म्हणजे समोर बैलगाडी आहे. "भोसरीचा बाजार आज रस्त्यावर आलाय," म्हणजे सावकाश घ्या. बाबा "व्हय" म्हणायचे आणि गाडी बाजूला घ्यायचे. एकदा मालक हसून म्हणाले, तुमची लेक फार बोलते हो डायव्हर. बाबा म्हणाले, "मास्तरीण हाय, सवय."

मला सांगायला संकोच वाटतो, पण ते महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. वडिलांच्या मी इतकी जवळ कधीच नव्हते.

पण आठवड्याचे बाकीचे दिवस मी शाळेत असायचे आणि तेव्हा गाडीत बाबा एकटे असायचे. शाळेत फळ्यावर लिहिताना बाहेर कुठे मोटारीचा भोंगा वाजला की माझा हात थांबायचा. मी त्यांना दोनदा म्हटलं की आता सोडा, माझ्या पगारात भागतंय. दोन्ही वेळा ते उठून बाहेर गेले.

दिवाळीनंतर, कांद्याची आवक जोरात असताना, बाजाराच्या आवारात ते गाडी मागे घेत होते. मागे रस्त्यावर एक बाई बसून कांदा निवडत होती. तिच्या किंकाळीने बाबांनी ब्रेक दाबला. चाक तिच्या कांद्याच्या पाटीवरून गेलं, तिच्या पायापासून वीतभर अंतरावर थांबलं. बाबांनी खाली उतरून तिची पाटी भरून दिली आणि लोकांना सांगितलं की ती मधेच येऊन बसली. लोकांनी ते मानलं, कारण डायव्हरच्या हातून चूक होते हे कुणाला माहीतच नव्हतं. त्या बाईनेही मानलं. ती माझ्या शाळेतल्या एका मुलीची आई होती. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने वर्गात मला सांगितलं, आईची चूक झाली, ती डायव्हरबाबांच्या गाडीमागं बसली.

त्या वाक्यानंतर मला शिकवता येईना. खोटं आता त्या पोरीच्या तोंडून यायला लागलं होतं. आणि त्याच आठवड्यात मालकांची सून बाळंतपण उरकून पुण्याहून येणार होती. तिला आणि महिन्याच्या बाळाला आणायला बाबाच जाणार होते.

शाळा सुटल्यावर मी घरी न जाता मालकांकडे गेले. ते आडतीवर लोडाला टेकून बसले होते. मी सगळं सांगितलं, घाटातलंही सांगितलं. ते लोड सोडून ताठ बसले. मग विचारलं, "तू इथं आलीस हे त्याला माहीत आहे?"

"नाही."

"मी तुझं नाव घेणार नाही," ते म्हणाले. मालक भला माणूस होता, त्यांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावून त्यांनी सांगितलं की पुतण्याला काहीतरी काम पाहिजे, गाडी त्याच्याकडे देतोय, तुम्ही आता वखारीवर देखरेख करा, पगार तोच. बाबांचा कसलाही अपमान त्यांनी होऊ दिला नाही.

पण नाव न घेतल्याने काय होणार होतं. ती गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती.

बाबा संध्याकाळी घरी आले, पाय धुतले, जेवायला बसले. मी भाकरी वाढली. ते जेवले. उठताना म्हणाले, "मला आधी सांगायचं हुतंस."

मी म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही सोडली असती गाडी?"

त्यांनी खरं तेच सांगितलं. "न्हाई."

एवढंच. ओरडले नाहीत, बोल लावला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिले. वखारीवर ते एक दिवसही गेले नाहीत. पुतण्याने महिन्याभरात जुने मीटर उपटून काढले आणि नवी पट्टी बसवली. त्यात पाण्याच्या मीटरच्या जागी भोक तसंच राहिलं, कारण तो मीटर आम्ही कापला होता. हे बाबांना दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

मग त्यांची नजर भराभर गेली. कडेचंही धूसर झालं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते माझी मदत घेत नाहीत. वाईट वागत नव्हते. मी केलेलं जेवत होते, माझ्याशी पावसापाण्याचं बोलत होते. पण दारात कोण आलंय ते शेजारणीला विचारत, मला नाही. पत्र आलं तर टपालवाल्याला थांबवून त्याच्याकडून वाचून घेत. घरात मास्तरीण असताना टपालवाला उंबऱ्यात उभा राहून पत्र वाचतोय आणि मी चुलीपाशी बसून ऐकतेय. देवळाकडे जाताना समोरचे म्हातारे तात्या त्यांना हाताला धरून नेत. मी हात पुढे केला तर ते धरत आणि दोन पावलांवर पागोटं सारखं करायच्या निमित्ताने सोडून देत. पुन्हा धरत नसत. पुढे दोन-चारदा मी पाहिलं, आणि मग हात पुढे करायचं सोडून दिलं.

तीन वर्षं अशी गेली. त्या मुलीने चौथी पार केली, तिची आई अजून बाजारात कांदा निवडत होती. तिच्याकडे पाहून मी मनाला समजावायचे. कधी समजायचं, कधी नाही.

एका रविवारी दुपारी बाबा ओट्यावर बसले होते आणि मी त्यांच्या सदऱ्याला बटण लावत होते. मनाची सगळी तयारी करून मी विचारलं, "बाबा, माझं चुकलं का?"

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. अगदी सरळ, त्यामुळे मी त्यांना मुळीच दिसत नसणार हे मला कळत होतं.

"चुकलं न्हाई तुझं," ते म्हणाले. "मी रोज सोताला सांगतो, पोरीचं चुकलं न्हाई. एखाद्याचा जीव गेला असता." मग थोडं थांबून, फार दमल्यासारखे म्हणाले, "पर माझ्या मनातनं जात न्हाई गं ते. लई बघितलं. जातच न्हाई."

मी म्हटलं, राहू दे बाबा.

पुढच्या पौषात दोन दिवसांच्या तापाने ते गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं ते तात्यांचं नाव घेऊन. तात्या घरी नव्हते. मी पाणी पाजलं आणि मी आहे हे सांगितलं नाही.